विमानशास्त्रात पीएच.डी.: कोर्सवर्क होतं, प्रबंध का अडतो?

शिरूर कासार : ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलगी विमानशास्त्रात पीएच.डी. करते म्हणाली, की घरचे आधी विचारतात, 'किती वर्षं लागतील?' उत्तर ठरतं ते प्रबंधाच्या टप्प्यावर.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३, कमाल ६ वर्षं. पुढं २ वर्षांची वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २. मात्र ही मुदत प्रबंध हाती घेतल्यावर नाही, प्रवेशाच्या दिवसापासूनच मोजली जाते. कोर्सवर्कही त्यातच धरलं जातं. (आयआयटीचे नियम त्यांचे स्वतःचे असतात.)

विमान क्षेत्रात खरी अडचण डेटाची. उड्डाणाच्या नोंदी विमान कंपन्यांच्या ताब्यात असतात, त्या बाहेरच्या संशोधकाला सहसा मिळत नाहीत. विषय मंजूर झाला, दोन वर्षं पत्रव्यवहारात गेली, मग विषयच बदलावा लागला, असं होऊ शकतं. म्हणून विषय ठरवण्याआधी 'नोंदी देणार कोण?' हे लेखी विचारून घ्या. डीजीसीएची दरमहा प्रवासी आकडेवारी आणि विमान अपघात तपास ब्युरोचे अहवाल सर्वांना खुले आहेत. त्यांच्यावरही प्रबंध उभा राहू शकतो.

आपल्या भागातही विषय आहेत. कृत्रिम पावसासाठी २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) विमानं उडाली. मराठवाड्यातल्या संशोधकाला हा प्रश्न पुस्तकातून शोधावा लागत नाही.

डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी १९३० च्या दशकात जर्मनीतल्या गटिंगेन इथं लुडविग प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट केली. मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा एकाच ठिकाणी होती. पुढं त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं.

प्रबंध जमा केल्यावर काय? मार्गदर्शकाशिवाय किमान दोन बाहेरचे परीक्षक तो तपासतात, मग मौखिक परीक्षा होते. जमा करण्यापूर्वी शोधनिबंध छापून आलाच पाहिजे, ही यूजीसीची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही. विद्यापीठाची वेगळी अट असू शकते, तेव्हा तिथं विचारा.

नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून मात्र पीएच.डी. देता येत नाही. 'घरबसल्या एव्हिएशनमध्ये डॉक्टरेट' अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तर फी भरण्याआधी ही ओळ पुन्हा वाचा.