आकाशाच्या अंगणात : नळीतला आगंतुक उजेड

राहुरीच्या शिवारात, नगर–मनमाड रस्त्याचे दिवे पाठीशी ठेवूनही, घरी घडविलेल्या परावर्ती दुर्बिणीत तारकांमागचे आकाश काळेभोर न दिसता राखाडी का दिसते? १६६८ साली न्यूटनने सिद्ध केलेल्या रचनेत नेत्रभिंग नळीच्या मुखाजवळ, कडेला असते. त्यामुळे मुख्य आरशापर्यंत न पोहोचलेला उजेडही समोरच्या भिंतीवरून परभारे डोळ्यात शिरतो आणि अंधुक तेजोमेघ झाकोळून टाकतो. नुसता काळा रंग येथे अपुरा, कारण तिरपे किरण पडताच गुळगुळीत काळा पृष्ठभागही चकाकतो. मखमलीच्या लवेत मात्र किरण, दाट उसात शिरलेल्या वाटसरूप्रमाणे, धाटाधाटावर आदळत क्षीण होतो. म्हणून नेत्रभिंगासमोर काळी मखमल डकवावी, आणि नळीचे मुख तिच्या व्यासाएवढे तरी पुढे वाढवावे. मोठ्या आरशाचा खर्च, माझ्या मते, त्यानंतरचा.