न्हाणीघरातली उबदार फरशी

टाइलखाली बसवायची गरम होणारी वायर जाळीवर नागमोडी चिकटवलेली मिळते. न्हाणीघरात साधारणपणे दर चौरस मीटरला 150 वॅट धरतात. 3 चौरस मीटर मोकळ्या जागेला 450 वॅट, म्हणजे 2 तासांत 0.9 युनिट. आपल्याकडे कडक थंडी मोजक्या आठवड्यांची. तेवढ्यापुरते बंब नाहीतर गिझरवर भागते आणि उन्हाळ्यात फरशी गार असलेलीच बरी. परदेशातल्या थंड गावांत मात्र ही सोय रोजच्या कामाची.

आधी उतार काढून घेतात. स्लॅबवर उष्णतारोधक बोर्ड बसवतात, नाहीतर बरीच ऊब खाली स्लॅबच खातो. कमोड, कपाट यांच्याखाली वायर नेत नाहीत. वळवताना फक्त जाळी कापायची. वायर कापायची नाही, तिच्या ओळी एकमेकींवर चढवायच्याही नाहीत. तापमान मोजणारा सेन्सर दोन ओळींच्या मधोमध, पाइपात घालून ठेवतात. बिघडला तर ओढून बदलता येतो.

खरी मेख मल्टीमीटरमध्ये आहे. 230 व्होल्टवर 450 वॅटच्या जाळीचा रोध सुमारे 118 ओहम भरतो. तो तीनदा मोजतात: खोका उघडल्यावर, जाळी अंथरल्यावर, टाइल बसल्यावर. गवंड्याच्या थापीने वायर तुटली असेल तर आकडा लगेच बदलतो. टाइल बसल्यावर दोष कळला तर फरशी फोडण्यावाचून गत्यंतर नसते.

टाइलसाठी लवचीक अॅडहेसिव्ह लागते. अर्थिंग आणि 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अनिवार्य. थर्मोस्टॅट ओल्या जागेबाहेर बसवतात. अॅडहेसिव्ह पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे निदान आठवडाभर, बटण दाबायचे नाही.