घर कुणाच्या वाटेवर?

लग्न झालं, दोघंही कमावती, बिऱ्हाड पुण्यात थाटायचं. त्याची कंपनी चाकणला, तिचं काम स्वारगेटला. मग दोन्हींच्या मधोमध कुठंतरी खोली घेतात. पण मधोमध म्हणजे दोघांना सारखं, असं नसतं. त्याला कंपनीची बस नाक्यावरून नेते-आणते. तिला मात्र आधी रिक्षा, मग बस, पुन्हा चालणं. वर दोन्ही वेळचा स्वयंपाक तिच्याकडेच. काही महिन्यांत ती दमते, आणि नोकरी सुटते ती बहुधा तिचीच.

म्हणून आधी बघा, कंपनीची गाडी कुणाला नाही? रात्री उशिरा कोण परततं? घर त्याच्या किंवा तिच्या, म्हणजे त्या माणसाच्या वाटेवर घ्या. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो पिंपरीहून थेट स्वारगेटला जाते. कासारवाडी, दापोडी, बोपोडी याच मार्गावर आहेत. दापोडीला लोणावळा लोकलही थांबते. चाकणची वाट नाशिक फाट्यावरून फुटते. तिथल्या मेट्रो स्थानकाचं नाव सुरुवातीला मात्र भोसरी होतं. भोसरी गाव तिथून लांब आहे, नावावरून खोली ठरवू नका!

खोली रविवारी बघू नका. कामाच्या दिवशी, शिफ्ट सुटते त्या वेळी, तिनं स्वतः स्थानकापासून दारापर्यंत चालून बघावं. रस्त्यावर दिवे आहेत का, दुकानं उघडी असतात का? भाड्यात दोघांचा महिन्याचा प्रवासखर्च मिळवा. आणि घरात कुणी ‘एवढं भाडं कशाला?’ म्हटलं, तर त्याच कागदावर तिचा पगारही लिहून दाखवा. हे सगळं अनामत रक्कम देण्याआधी.