बुरशी : पिकाचा शत्रू, मातीचा मित्र

पावसाळा सुरू झाला की ठाणे जिल्ह्यातील कल्याण, अंबरनाथ, मुरबाड व शहापूर या तालुक्यांत बुरशी निरनिराळ्या रूपांत दिसू लागते. भाताच्या पानांवर करपा येतो, ओला पेंढा कुजतो आणि रानात अळंबी उगवते. बुरशीत हरितद्रव्य नसल्यामुळे ती स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याने ती ते जिवंत अथवा मृत पदार्थांतून शोषून घेते.

मृत पदार्थ कुजविणे हे तिचे सर्वांत मोठे कार्य होय. लाकडाचा कठीण भाग फोडण्याचे सामर्थ्य मुख्यतः बुरशीतच आहे. ती नसती तर येऊरच्या डोंगरावर पडलेली लाकडे व पालापाचोळा साचतच राहिला असता. कित्येक जातींचे तंतू झाडांच्या मुळांशी जोडले जाऊन त्यांना स्फुरद पुरवितात व मोबदल्यात साखर घेतात. राबासाठी पाला जाळला असता राख मिळते; परंतु सेंद्रिय द्रव्य व बराचसा नत्र धुरावाटे निघून जातो. तोच पाला व निरुपयोगी पेंढा शेणकाल्यासह खड्ड्यात थरांनी भरून ओलसर ठेवल्यास बुरशी व इतर सूक्ष्म जीव त्याचे उत्तम खत करतात.

करप्याची बुरशी मात्र जिवंत पानावर हल्ला करते. डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेला तपकिरी ठिपके ही तिची खूण होय. नत्र जादा झाल्यास रोग बळावतो. म्हणून ते हप्त्यांनी द्यावे. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ढवळावे. तरंगणारे बी काढून टाकावे व तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन सावलीत वाळवावे.

बुरशीने मनुष्यास औषधही दिले आहे. १९२८ साली फ्लेमिंग यांना बुरशीपासून पेनिसिलिनचा शोध लागला. आपल्या राज्यात पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात ते तयार होऊ लागले.

रानातील अळंबीविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. चांदीचे नाणे काळे न पडणे किंवा अळंबीला किडे लागलेले असणे ही ती निर्विष असल्याची खूण नव्हे. काही जातींचे विष शिजवूनही नाहीसे होत नाही. उलट्या व जुलाब सहा तासांनंतर सुरू होऊन मध्यंतरी बरे वाटले, तरी यकृतास धोका असतो. अशा रोग्यास उरलेल्या अळंबीसह तत्काळ रुग्णालयात न्यावे. अनोळखी अळंबी खाऊ नये, ही गोष्ट ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वीच घरोघर समजावून सांगावी.