आधी 16 व्होल्ट, मग सुरुवात

स्विच-मोड पॉवर सप्लायमध्ये 230 व्होल्ट एसी डायोड ब्रिजमधून गेले, की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट डीसी मिळतात. कंट्रोलर चिपला हे थेट झेपणारे नाही. म्हणून लाखभर ओहमच्या रेझिस्टरमधून चिपच्या सप्लाय पिनवरचा छोटा कपॅसिटर हळूहळू भरला जातो.

दुरुस्तीच्या टेबलावर आजही भेटणारी यूसी3842 ही कंट्रोलर चिप घ्या. पिनवर साधारण 16 व्होल्ट येईपर्यंत ती झोपलेली असते. करंट 1 मिलिअँपिअरहूनही कमी. मग ती जागी होते आणि ट्रान्सफॉर्मरचे सहायक वाइंडिंग तिला पोसू लागते. ते कमी पडले तर व्होल्टेज 10 पर्यंत घसरते, चिप बंद होते आणि कपॅसिटर पुन्हा भरू लागतो. बिघडलेल्या सप्लायची वैतागवाणी ‘टिक-टिक’ पुष्कळदा यातूनच येते. अशा वेळी आधी तो छोटा कपॅसिटर तपासावा. सुकलेला निघण्याची शक्यता बरीच.

मात्र ही सप्लाय पिन मेनचे व्होल्टेज मोजत नाही. त्यासाठी अनेक नव्या चिपना वेगळी पिन असते. दोन रेझिस्टरांतून व्होल्टेजचा लहानसा हिस्सा तिथे पोचतो. तो ठरल्यापेक्षा कमी असला, तर सप्लाय सुरूच होत नाही.

उघडून पाहणार असाल, तर प्लग काढा आणि मोठा कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करा.