‘सॉरी’ म्हणजे काय?

आपल्या नित्याच्या बोलण्यात जे इंग्रजी शब्द घरच्या माणसांसारखे वावरतात, त्यांत ‘सॉरी’ ह्या शब्दाचा मान बराच वरचा आहे. टेबल, स्टेशन, तिकीट हे शब्द आले ते त्या त्या वस्तूंचा हात धरून आले. वस्तू नवी, म्हणून नावही नवे. ‘सॉरी’ची गोष्ट निराळी आहे. चुका आपल्याकडे पूर्वीपासून होत होत्या आणि त्या कबूल करण्याचे शब्दही आपल्यापाशी होते. असे असता हा परका शब्द इतका आपलासा का झाला, आणि तो उच्चारताना आपण नेमके काय म्हणत असतो, ह्याचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

श्रोतेहो, हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही. तो मला एका हमाली करणाऱ्या गृहस्थाने विचारला.

मी मन्नाएखेळ्ळीस शाळामास्तर आहे. हे गाव बीदर जिल्ह्यात, सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर आहे. कलबुर्गी जिल्ह्याची हद्दही येथून फारशी दूर नाही. १९५६ सालापर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे बाजारात उभे राहिले की कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू ह्या चारी भाषा कानावर पडतात. माणसे एका वाक्यात दोन भाषा सहज मिसळतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाची नवी कंपासपेटी नाहीशी झाली. शेजारी बसणाऱ्या मुलावर माझा संशय गेला. त्याचे कारण सांगावयाचे तर एवढेच, की तो गरीब होता आणि त्याच्यापाशी कंपासपेटी नव्हती. मी सर्वांसमक्ष त्याची पिशवी उलटी केली. तीतून दोन वह्या, एक फुटकी पाटी आणि फडक्यात बांधलेली भाकरी निघाली. दुसऱ्या दिवशी पेटीचा मालक हसत आला. पेटी त्याच्या घरीच राहिली होती. मी त्या मुलाकडे वळून ‘सॉरी रे’ म्हटले आणि फळ्यावर गणित लिहावयास घेतले. माझ्या मते प्रकरण मिटले होते.

संध्याकाळी त्या मुलाचे वडील शाळेच्या दाराशी येऊन उभे राहिले. रागाचे चिन्ह नव्हते. डोक्याचा पटका हातात घेऊन ते अदबीने म्हणाले, “गुरुजी, पोरगं म्हणतंय, तुम्ही त्याला सॉरी म्हणलाव. ते काय असतंय?”

मी म्हणालो, “सॉरी म्हणजे… वाईट वाटले, असे.”

ते थोडे थांबले आणि त्यांनी विचारले, “मग चूक कुणाची, ते त्यात येतंय का?”

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. परंतु तो प्रश्न घरी माझ्याबरोबर आला. त्या रात्री मी कोश उघडला.

‘सॉरी’ हा शब्द फार जुना आहे. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे वेदना, जखम, ठणका. आजचा ‘सोअर’ हा शब्द त्याचाच वंशज. ह्या ‘सार’पासून ‘सारिग’ हे विशेषण झाले आणि त्याचेच पुढे ‘सॉरी’ झाले. मूळ अर्थ असा, की ज्याचे अंतःकरण दुखते आहे तो. गंमत अशी, की दुःख ह्या अर्थाच्या ‘सॉरो’ ह्या शब्दाचे आणि ‘सॉरी’चे मूळ एक नाही. दोघांचे उच्चार जवळ आले, अर्थही जवळचे होते, म्हणून कालांतराने ते भावंडांसारखे दिसू लागले.

तेव्हा मुळात ‘आय अॅम सॉरी’ ह्या वाक्याचा अर्थ ‘मी दुःखी आहे’ एवढाच. चूक कोणाची, हे त्यात येत नाही. हमाली करणाऱ्या त्या गृहस्थाची शंका कोशकाराच्या दृष्टीने अगदी बिनचूक होती!

ह्या एका मुळापासून त्या शब्दाला किती फांद्या फुटल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. एखाद्याच्या घरी मृत्यू झाला तर इंग्रज माणूस ‘सॉरी’ म्हणतो. तेथे तो क्षमा मागत नाही, दुःखात सहभागी होतो. आपल्या मुलांना हे ठाऊक नसले म्हणजे ती गोंधळतात, की आजोबा वारले ह्यात ह्या पाहुण्यांचा काय दोष? गाडीत कोणाला धक्का लागला तर ‘सॉरी’, तेथे ती क्षमायाचना होते. समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही की प्रश्नार्थक सुरात ‘सॉरी?’, म्हणजे पुन्हा सांगा. ‘सॉरी, जागा शिल्लक नाही’ असे खिडकीवरचा कारकून म्हणतो तेव्हा तो नम्रतेने नकार देत असतो. आणि एखाद्या वस्तूच्या अवस्थेला हे विशेषण लावले, तर ती वस्तू दीनवाणी, केविलवाणी आहे असा अर्थ होतो. सांत्वन, क्षमा, पृच्छा, नकार आणि कीव ही पाच कामे एकच शब्द करतो. कोणते काम चालले आहे, हे सुरावरून आणि प्रसंगावरून ओळखावयाचे.

इंग्रजीतील दुसऱ्या शब्दांचीही हीच तऱ्हा आहे. ‘रिग्रेट’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला. तेथे त्याचा अर्थ गेलेल्या माणसासाठी शोक करणे असा होता. ‘अपॉलॉजी’चे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ ऐकून आपण चकित होऊ. तो आहे, आपल्या बचावाचे भाषण! इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे सॉक्रेटिसाने जे भाषण केले, त्यावरील प्लेटोच्या ग्रंथाला हेच नाव आहे, आणि सॉक्रेटिसाने त्यात क्षमा तर मुळीच मागितलेली नाही.

आता आपल्या घराकडे वळू. ‘दिलगिरी’ हा शब्द आपण सरकारी पत्रांत नेहमी वाचतो. तो फारसी आहे. दिल म्हणजे हृदय आणि गीर म्हणजे धरलेले. ज्याचे हृदय दुःखाने धरले गेले आहे तो दिलगीर. म्हणजे ‘सॉरी’ आणि ‘दिलगिरी’ ह्या दोन शब्दांचा प्रवास एकाच वाटेने झाला. दोन्ही दुःखापासून निघाले आणि दोन्ही क्षमायाचनेच्या दाराशी येऊन थांबले. ‘माफ’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा अर्थ सुटका झालेला. फी माफ, सारा माफ असे आपण म्हणतो, तेच माफ येथेही आहे. देणे होते, ते सोडून दिले. ‘क्षमा’ संस्कृत आहे. क्षम् म्हणजे सहन करणे. पृथ्वी सारे सोसते, म्हणून तिलाही क्षमा म्हणतात. तेव्हा क्षमा मागणे म्हणजे, मी केलेले तू सोस, अशी विनंती करणे होय. मागणाऱ्याने हे ओळखले पाहिजे, की ओझे उचलण्याचे काम तो दुसऱ्यावर सोपवीत आहे.

ह्या सर्वांहून मला आपले साधे ‘चुकणे’ हे क्रियापद अधिक प्रामाणिक वाटते. वाट चुकते, नेम चुकतो, तसा माणूस चुकतो. परंतु येथेही व्याकरणाने एक पळवाट ठेवली आहे. ‘चूक झाली’ ह्या वाक्यात कर्ता कोठे आहे? पाऊस झाला, उशीर झाला, तशी चूक झाली. जणू ती आपली आपणच झाली! आमच्याकडे कन्नडमध्ये ‘तप्पायितु’ म्हणतात, दखनीत ‘गलती हो गई’ म्हणतात. तेथेही करणारा दिसत नाही. ‘माझे चुकले’ म्हणताच मात्र त्या चुकीला मालक मिळतो. सारे अंतर ‘माझे’ ह्या दोन अक्षरांत आहे.

हे केवळ व्याकरणाचे खेळ आहेत, असे कोणी म्हणेल. तसे नाही. ह्या अंतरावर राष्ट्राराष्ट्रांतही वाद झाले आहेत. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान ह्यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणास मुकला. अमेरिकेचे विमान हायनानवर उतरले आणि त्यातील २४ जणांना चीनने अडकवून ठेवले. ११ एप्रिलला अमेरिकेने जे पत्र दिले, त्यात ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोनदा होते. चीनमधील वृत्तपत्रांनी त्याचा अर्थ क्षमायाचना असा केला. अमेरिकेने सांगितले, की आम्ही दुःख व्यक्त केले, दोष पत्करला नाही. शब्द एकच, परंतु प्रत्येकाने आपापल्या सोयीचा अर्थ घेतला आणि ते २४ जण घरी गेले.

ऑस्ट्रेलियात ह्याच्या उलट घडले. तेथील आदिवासींची मुले कित्येक दशके सरकारी हुकुमाने आईबापांपासून तोडली जात होती. त्याची चौकशी झाल्यावर १९९८ पासून २६ मे हा दिवस ‘सॉरी दिन’ म्हणून पाळला जाऊ लागला. १९९९ मध्ये तेथील संसदेने ठराव केला, परंतु त्यात ‘रिग्रेट’ हा शब्द होता. ज्यांची मुले गेली होती त्यांना तो पुरला नाही. पुढे १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनी संसदेत उभे राहून स्पष्टपणे ‘सॉरी’ म्हटले, तेव्हा ते ऐकताना पुष्कळ म्हातारी माणसे रडली. आपला अनुभव तर ताजाच आहे. जालियनवाला बागेतील हत्याकांडाला शंभर वर्षे होत असताना, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे ह्यांनी तेथील संसदेत खेद व्यक्त केला. औपचारिक क्षमायाचना मात्र केली नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला आले, त्या जागी त्यांनी जमिनीवर साष्टांग देह टाकला आणि आपल्याला लाज व दुःख वाटते असे ते म्हणाले. सरकारच्या वतीने आपण बोलू शकत नाही, हेही त्यांनी सांगितले.

ह्यावरून असे दिसते, की ‘सॉरी’ हा शब्द जात्या हलका नाही. कित्येकांनी तो ऐकण्यासाठी जन्मभर वाट पाहिली आहे. आपण तो हलका केला. परक्या भाषेतील शब्दाला आपल्या लहानपणाच्या आठवणी चिकटलेल्या नसतात, म्हणून तो जिभेला जड जात नाही. ‘माझे चुकले’ म्हणताना मान खाली जाते. ‘सॉरी’ म्हणताना ती ताठ राहू शकते. त्याच्या लोकप्रियतेचे रहस्य बहुधा एवढेच असावे.

मी ख्रिस्ती आहे. आमच्यात पापनिवेदनाची रीत आहे. लहानपणी आम्हांस शिकवीत, की नुसते वाईट वाटून भागत नाही. काय केले ते तोंडाने सांगावे, पुन्हा न करण्याचा निश्चय करावा आणि ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई करावी. ही शिकवण कोणत्या एका धर्माची मिरास आहे असे मी म्हणत नाही. पश्चात्ताप, कबुली आणि प्रायश्चित्त हे शब्द आपल्या भाषेत फार जुने आहेत. सांगावयाचे ते एवढेच, की हे सारे ठाऊक असूनही मी त्या दिवशी फळ्याकडे तोंड फिरविले होते.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्यापूर्वी मी त्या मुलास उभे केले नाही, मीच उभा राहिलो. सर्व वर्गासमक्ष म्हणालो, “परवा मी ह्याची पिशवी उलटी केली. ह्याने काही घेतले नव्हते. पुरावा नसता मी संशय घेतला. माझे चुकले.” वाक्ये चारच होती, पण म्हणताना घसा कोरडा पडला. मुलाने मान वर केली नाही. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “असू द्या, सर.” त्याच्या मनातून ते सारे गेले की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते सोसण्याचे काम त्याचे होते.

तेव्हापासून मी वर्गात ‘सॉरी’ शब्दाला बंदी घातली, असे समजू नका. धक्का लागला, पेन पडले, ऐकू आले नाही, अशा ठिकाणी तो शब्द सोयीचा आहे. खुशाल वापरावा. पण दुसऱ्याचे मन किंवा नाव दुखावले असेल, तेथे मुलांना मी तोच प्रश्न विचारतो, जो मला शाळेच्या दाराशी विचारला गेला. चूक कुणाची, ते त्यात येते का? येत नसेल, तर वाक्य पुन्हा म्हणावयाचे. मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत, ज्याची जी घरची भाषा असेल तीत.