मोकळ्या जागेची करामत
जुन्या मोडी कागदपत्रांत शब्दांमध्ये सहसा जागा सोडलेली नसते. शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. संगणकाला ही ओळख नाही. मोकळी जागा दिसली की तो ओळ तोडतो.

पनवेल आणि नवीन पनवेल ही रायगड जिल्ह्यातली शेजारची ठिकाणे. समजा, या दोन नावांच्या दोन फाइली तुमच्या संगणकात आहेत. दुसरी नको, म्हणून तुम्ही युनिक्सला आज्ञा दिलीत : आरएम नवीन पनवेल. 'आरएम' म्हणजे पुसून टाक. ही ओळ प्रथम 'शेल' या प्रोग्रॅमच्या हाती पडते. शेल तिचे तीन तुकडे करतो आणि 'आरएम'ला दोन नावे देतो : 'नवीन' व 'पनवेल'. 'नवीन' सापडत नाही. 'पनवेल' मात्र पुसली जाते. नको ती फाइल राहिली, हवी ती गेली!

उपाय सोपा आहे. नाव अवतरणचिन्हांत लिहा : आरएम "नवीन पनवेल". चिन्हांमधल्या जागेवर शेल ओळ तोडत नाही. चिन्हे काढून अखंड नाव पुढे देतो. विंडोजमध्ये मात्र सबंध ओळ प्रोग्रॅमकडे जाते व तुकडे त्यालाच करावे लागतात. त्यामुळे सगळेच प्रोग्रॅम सारखे तुकडे करतील असे नाही.

आता सांगा पाहू, आरएम "नवी मुंबई" पनवेल या ओळीचे शेल किती तुकडे करील?